विश्लेषण : जुनी लष्करी जीप पुन्हा धावती करणे इतके अवघड का?

दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीप असो वा जबलपूरच्या कारखान्यातून निघालेली जोंगा, जुन्या लष्करी गाड्यांचे वेड कमी झालेले नाही. माजी कर्णधार महेंद्रसिंह धोनीने २०१९मध्ये जोंगा घेतली, तेव्हा ही गाडी नव्या पिढीलाही माहीत झाली. भंगारात पडलेली अशी गाडी आणायची, रंगवायची आणि रविवारी फिरवायची, असे अनेकांचे स्वप्न असते. प्रत्यक्षात त्यातील बरीच कामे अर्धवट राहतात किंवा गाडी तयार होऊनही रस्त्यावर येऊ शकत नाही. गंज, सुटे भाग आणि पैसा ही त्यामागची कारणे आहेतच. पण सगळ्यांच्या मुळाशी एकच प्रश्न असतो : या गाडीत ‘मूळ’ किती उरले आहे? गॅरेजमधला मिस्त्री हा प्रश्न विचारतो आणि परिवहन कार्यालयही तोच विचारते.

जीप जन्माला कशी आली?

युरोपात युद्ध पेटले असताना, जुलै १९४०मध्ये अमेरिकी लष्कराने सव्वाशेहून अधिक कंपन्यांना पत्रे पाठवली. हलकी, चारही चाकांना ताकद मिळणारी, टेहळणीसाठी वापरता येईल अशी गाडी हवी होती. नमुना तयार करण्यासाठी अवघे ४९ दिवस दिले होते. ही मुदत पाळली ती ‘बँटम’ या छोट्या कंपनीने. अभियंता कार्ल प्रॉब्स्ट यांनी आराखडा केला आणि सप्टेंबर १९४०मध्ये मेरीलँडमधील लष्करी तळावर पहिली गाडी दाखल झाली.

बँटमची उत्पादनक्षमता मात्र मर्यादित होती. लष्कराने हा आराखडा विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड या कंपन्यांनाही दाखवला. विलीजचे इंजिन सर्वात दमदार ठरले आणि मोठी मागणी त्या कंपनीकडे गेली. एक कंपनी पुरी पडणार नाही हे दिसल्यावर फोर्डनेही त्याच आराखड्याच्या गाड्या बनवल्या. विलीजच्या गाडीला ‘एमबी’ आणि फोर्डच्या गाडीला ‘जीपीडब्ल्यू’ म्हणतात. यातील शेवटचे अक्षर विलीजचे आहे. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सुमारे ६ लाख ४० हजार जीप तयार केल्या.

दोन कारखान्यांतील गाड्यांचे भाग एकमेकांना बसले पाहिजेत, ही लष्कराची अट होती. रणांगणावर तीन मोडक्या जीपमधून एक चालती जीप उभी करता यावी, हा त्यामागचा विचार. आज या गाड्यांची पुनर्बांधणी शक्य होते ती याच गुणामुळे. आणि ‘मूळ’ गाडी ओळखणे कठीण जाते तेही याच गुणामुळे.

भारतात या गाड्या कुठून आल्या?

पहिला मार्ग युद्धाचा. ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी आसाम आणि बंगालमध्ये दोस्त राष्ट्रांचा मोठा तळ होता. युद्ध संपल्यावर तिथले सामान परत नेण्यापेक्षा विकून टाकणे स्वस्त होते. त्यातून जीप चहामळ्यांत, संस्थानांत, शिकारीच्या आणि सरकारी ताफ्यात गेल्या.

दुसरा मार्ग मुंबईचा. १९४५मध्ये ‘महिंद्र अँड मोहम्मद’ नावाने पोलादाच्या व्यापारात उतरलेल्या कंपनीतील भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले आणि त्या देशाचे पहिले अर्थमंत्री झाले. १९४८मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाले. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस माझगावात विलीज जीपचे सुटे भाग आणून जोडणी सुरू झाली. पुढे जीप इथेच बनू लागली आणि लष्कर, पोलीस, वनखाते, जिल्हा परिषद अशा सर्वांची गाडी झाली.

तिसरा मार्ग जबलपूरचा. जपानच्या निस्सान पेट्रोल या गाडीच्या परवान्यावर जबलपूरच्या लष्करी वाहन कारखान्यात १९६९पासून जोंगा बनू लागली. ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली’ या इंग्रजी नावाची आद्याक्षरे घेऊन ‘जोंगा’ हे नाव झाले. जवळपास चार लिटरचे सहा सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन हे तिचे वैशिष्ट्य. १९९९च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. नंतरच्या काळात लष्कराची हलकी गाडी म्हणून मारुती जिप्सी सर्वत्र दिसू लागली.

समोर उभी असलेली जीप युद्धातलीच, हे कसे ओळखायचे?

आपल्याकडे ‘दुसऱ्या महायुद्धातली जीप’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक गाड्या प्रत्यक्षात युद्धानंतरच्या असतात. सर्वाधिक गोंधळ होतो तो ‘सीजे-३बी’ या मॉडेलबाबत. महिंद्रने ते दीर्घकाळ बनवले. त्याचे बोनेट उंच असते, कारण आतले नव्या पद्धतीचे इंजिन अधिक उंच होते. युद्धकालीन जीपचे बोनेट बसके असते.

समोरची जाळी ही दुसरी खूण. युद्धकालीन, पत्र्यातून ठोकून काढलेल्या जाळीत नऊ उभ्या फटी असतात. नंतरच्या नागरी मॉडेलमध्ये त्या सात झाल्या. अगदी सुरुवातीच्या विलीज गाड्यांना तर पत्र्याऐवजी सळ्या जोडून केलेली जाळी होती. युद्धकालीन गाडीचे दिवे लहान आणि जाळीच्या मागे दबलेले असतात. ते बिजागरीवर असल्याने उलटे फिरवून रात्री इंजिनावर प्रकाश पाडता येतो. मागच्या बाजूला उघडणारे फाळके नसते. फाळके आले ते शेतकऱ्यांसाठी बनवलेल्या नागरी जीपमध्ये.

विलीज की फोर्ड, हे चेसिसवरून कळते. पुढचा आडवा दांडा गोल नळीचा असेल तर विलीज, उलट्या पन्हळीसारखा चौकोनी असेल तर फोर्ड. फोर्डने आपल्या बहुतेक भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरही, इंग्रजी ‘एफ’ अक्षर उमटवले होते. त्यामुळे जाणकार गाडी पाहायला जाताना टॉर्च आणि तारेचा ब्रश घेऊन जातात आणि आधी गाडीखाली झोपतात. चकचकीत रंगापेक्षा खालचा मळ अधिक खरे सांगतो.

कामाची सुरुवात कुठून होते?

इंजिन चालू करून पाहण्याचा मोह पहिल्या दिवशी आवरावा लागतो. वर्षानुवर्षे बंद असलेल्या इंजिनात पिस्टनच्या कड्या सिलिंडरला चिकटलेल्या असतात. स्टार्टर मारला किंवा गाडी ओढून गिअरमध्ये टाकली तर कड्या तुटतात आणि सिलिंडर ओरखडते. स्पार्क प्लग काढून आत पातळ तेल सोडायचे, काही दिवस थांबायचे आणि मग हँडलने हळूहळू फिरवून पाहायचे, ही जुनी पद्धत आजही सर्वात सुरक्षित आहे.

त्याआधीचे काम कागदावरचे आणि कॅमेऱ्याचे असते. कोणता पाइप कुठून गेला, कोणता बोल्ट कुठे होता, वायर कोणत्या रंगाची होती, या सगळ्याचे फोटो काढले जातात. प्रत्येक भागाचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत, नाव लिहून ठेवले जातात. गाडी सुटी करायला एक आठवडा पुरतो आणि जोडायला दोन-तीन वर्षे लागू शकतात. तेवढ्या काळात ‘लक्षात राहील’ म्हटलेले काहीच लक्षात राहत नाही. अर्धवट राहिलेल्या बहुतेक कामांची सुरुवात इथेच फसलेली असते.

त्यानंतर पाळी येते चेसिसची. दोन्ही कर्णांची मापे घेऊन ती वाकडी नाही ना, हे तपासतात. पाट्यांच्या कड्या जिथे बसतात तिथे आणि आडव्या दांड्यांच्या जोडांवर तडे शोधतात. युद्धकालीन चेसिस रिव्हेट मारून जोडलेली होती. त्या जागी सरसकट वेल्डिंग केलेले दिसले, तर गाडीने कधीतरी मोठा मार खाल्ला आहे, असे समजायचे.

गंज सर्वाधिक कुठे लपतो?

जीपचा पत्रा सपाट असल्याने दुरुस्ती सोपी वाटते. खरा गंज वरून दिसत नाही. तळाच्या पत्र्याखाली टोपीच्या आकाराच्या पन्हळी आहेत आणि त्यांच्या आत मजबुतीसाठी लाकडाच्या पट्ट्या बसवल्या होत्या. हे लाकूड पाणी शोषून घेते आणि पत्रा आतून खातो. कोकणातली खारी हवा किंवा घाटावरचा चार महिन्यांचा पाऊस झेललेल्या गाडीत वरचा पत्रा शाबूत आणि आतली पन्हळ पिठासारखी, असे हमखास आढळते.

दुसरी जागा चालकाच्या सीटखाली. पेट्रोलची सुमारे ५७ लिटरची टाकी तिथेच एका खोलगट भागात बसते. त्या खळग्यात पाणी आणि चिखल साचून टाकी आणि तळ दोन्ही सडतात. जुन्या टाकीला वेल्डिंग करणे जिवावर बेतू शकते. रिकामी दिसणारी टाकी पेट्रोलच्या वाफेने भरलेली असते. तिची पूर्ण धुलाई करून वाफ बाहेर घालवल्याशिवाय अनुभवी कारागीर तिला हात लावत नाही.

पत्रा साफ करताना वाळूचा जोरदार मारा केला तर तो तापून वाकतो. म्हणून चेसिससाठी वाळू आणि पातळ पत्र्यासाठी कमी दाबाचा मारा किंवा रसायन, अशी विभागणी केली जाते. जुन्या रंगात शिसे असू शकते, जुन्या ब्रेकच्या अस्तरात आणि गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ड्रममधली धूळ हवेच्या पाइपने उडवणे ही गॅरेजमधली नेहमीची सवय या गाड्यांबाबत घातक आहे.

घाईने सगळा रंग खरवडून टाकण्याचा आणखी एक तोटा असतो. बोनेटच्या बाजूला, रंगाच्या अनेक थरांखाली जुना लष्करी क्रमांक सापडू शकतो. अमेरिकी लष्कराच्या जीपचे क्रमांक २०ने सुरू होत. पाण्याचा कागद हलक्या हाताने फिरवत एकेक थर उतरवला तर तो क्रमांक, एखाद्या तुकडीची खूण, नंतरच्या मालकाचा रंग असा गाडीचा सगळा प्रवास उलगडतो. ग्राइंडर लावला तर तो पाच मिनिटांत पुसला जातो आणि परत कधीच मिळत नाही.

इंजिन मूळ मिळणे कठीण का?

विलीजचे ‘गो डेव्हिल’ इंजिन २.२ लिटरचे, चार सिलिंडरांचे आणि साधारण ६० अश्वशक्तीचे होते. त्याच्या झडपा सिलिंडरच्या वर नसून बाजूला आहेत. रचना साधी आणि कॉम्प्रेशन कमी, त्यामुळे हलक्या दर्जाच्या पेट्रोलवरही ते चालत असे. बोरिंग, नवे पिस्टन, क्रँकचे ग्राइंडिंग ही कामे महाराष्ट्रातील बहुतेक औद्योगिक वसाहतींतील कारागीर करू शकतात. झडपेची बैठक आणि सिलिंडर यांच्यामध्ये ब्लॉकला गेलेला तडा मात्र सर्वात वाईट बातमी असते.

भारतातली खरी अडचण वेगळी आहे. पेट्रोल महाग झाल्यावर गावोगावच्या जीपमधून पेट्रोल इंजिने काढून डिझेल इंजिने बसवली गेली. मालकाच्या दृष्टीने तो शहाणपणाचा निर्णय होता, गाडी त्यामुळेच टिकली. पण त्यासाठी चेसिसवरच्या बैठका कापल्या गेल्या, गिअरबॉक्स बदलला गेला आणि मूळ इंजिन भंगारात गेले. आज अशी गाडी हाती आली, तर दुसऱ्या जीपचे जुळणारे इंजिन शोधावे लागते. तेव्हा नोंदणी पुस्तकावरचा इंजिन क्रमांक आणि प्रत्यक्षातला क्रमांक जुळत नाही आणि प्रश्न गॅरेजमधून परिवहन कार्यालयात जातो.

सुटे भाग मिळतात का?

युद्धकालीन जीपचे जवळपास सगळे भाग आजही नव्याने बनतात. फिलिपिन्समध्ये तर संपूर्ण बॉडी तयार मिळते. युद्धानंतर तिथे राहिलेल्या जीपमधूनच ‘जीपनी’ ही सार्वजनिक गाडी उभी राहिली आणि पत्र्याचे कौशल्य टिकले. भारतात महिंद्रने त्याच कुळातील गाड्या दीर्घकाळ बनवल्यामुळे गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस, ॲक्सल यांचे अनेक भाग जुळतात. दिल्लीचे मायापुरी, पंजाब-हरयाणा सीमेवरचे मंडी डबवाली ही गावे जुन्या जीपच्या भागांसाठी आणि नव्याने बांधलेल्या जीपसाठी ओळखली जातात.

जोंगाचे तसे नाही. ती जवळपास पूर्णपणे लष्करासाठीच बनली, त्यामुळे तिचा खुला बाजार कधी तयारच झाला नाही. एक गाडी उभी करण्यासाठी दुसरी भागांसाठी घ्यावी लागते. म्हणजे प्रत्येक सुधारलेल्या जोंगामागे एक जोंगा कायमची संपते.

ब्रेक आणि वीज मूळचीच ठेवायची का?

इथे मूळपणा आणि सुरक्षितता समोरासमोर येतात. युद्धकालीन जीपला चारही चाकांवर छोटे ड्रम ब्रेक आहेत आणि त्यांची तेलाची वाहिनी एकच आहे. एका चाकाकडचा पाइप फुटला तरी चारही ब्रेक जातात. हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्स्फर केसच्या मागच्या शाफ्टवर आहे. सीटबेल्ट नाही, छत कापडी, दरवाजे नाहीत. सहा व्होल्टची वीज असल्याने दिवे मिणमिणते आणि बॅटरी सहज मिळत नाही.

मुंबई-पुणे रस्त्यावरच्या वाहतुकीत अशी गाडी चालवणे म्हणजे स्वतःबरोबर इतरांचाही जीव धोक्यात घालणे. म्हणून अनेक जाणकार मधला मार्ग घेतात. बाहेरून दिसणार नाहीत आणि पुन्हा पूर्ववत करता येतील, एवढेच बदल करायचे. दोन वाहिन्यांचा मास्टर सिलिंडर, १२ व्होल्टची वीज, चांगल्या दर्जाचे पाइप. कापावे किंवा भोक पाडावे लागेल असे काही करायचे नाही आणि काढलेला मूळ भाग जपून ठेवायचा.

ई२० पेट्रोलमुळे काय बदलले?

२०२५मध्ये देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले गेले. जुन्या गाड्यांच्या दृष्टीने याचे तीन परिणाम आहेत. इंधन पंपाचा पडदा, जुने रबरी पाइप आणि बुचाचे गॅस्केट इथेनॉलमुळे फुगतात किंवा चिरतात. इथेनॉल हवेतील ओल शोषते, त्यामुळे महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत पाणी खाली बसून गंज चढतो. आणि इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने जुन्या कार्बोरेटरमधून इंजिनाला मिळणारे मिश्रण विरळ होते, इंजिन तापते.

यावर उपाय आहेत. इथेनॉल सहन करणाऱ्या रबराचे पाइप आणि पडदे बसवायचे, कार्बोरेटरचे जेट त्यानुसार बदलायचे आणि गाडी दीर्घकाळ उभी ठेवायची असेल तर टाकी रिकामी करायची. पेट्रोलचा पाइप गरम एक्झॉस्टजवळून जात असेल, तर त्याची तपासणी टाळणे म्हणजे आगीला आमंत्रण.

कायदा काय सांगतो?

जुलै २०२१मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणी सुरू झाली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेल्या दुचाकी आणि चारचाकींना ती मिळू शकते. राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला क्रमांक मिळतो. जी गाडी आधीच नोंदलेली आहे, तिला जुना क्रमांक कायम ठेवता येतो. नव्या नोंदणीसाठी २० हजार रुपये शुल्क असून नोंदणी १० वर्षांसाठी असते. नूतनीकरणाला ५ हजार रुपये लागतात.

दोन अटी महत्त्वाच्या आहेत. पहिली वापराची. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, इंधन भरणे आणि दुरुस्ती यासाठीच गाडी रस्त्यावर आणता येते. रोजच्या किंवा व्यावसायिक वापराला मनाई आहे. दुसरी अट मूळपणाची. चेसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठे बदल झालेले नसावेत. डिझेल इंजिन बसवलेली, चेसिस लांबवलेली जीप कितीही जुनी असली तरी या व्याख्येत बसणे कठीण.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसारही कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही भूमिका स्पष्ट केली. रुंद टायर, उंच केलेली चेसिस, आधुनिक इंजिन घातलेली जीप समाजमाध्यमांवर लोकप्रिय असली, तरी कायद्याच्या दृष्टीने ती पुनर्बांधणी नव्हे.

मधल्या वयाच्या गाड्यांचे काय?

खरी कोंडी इथे आहे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते, मग तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते. एप्रिल २०२२पासून १५ वर्षांपुढील मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ५ हजार रुपये झाले. २०२५मध्ये २० वर्षांपुढील हलक्या वाहनांसाठी ते १० हजार करण्यात आले. दिल्ली परिसरात जुन्या गाड्यांवरील निर्बंध याहून कडक आहेत.

म्हणजे १५ ते ५० या वयातील गाडी ‘जुनी’ आहे, पण ‘वारसा’ नाही. १९६९ची जोंगा २०१९मध्ये ५० वर्षांची झाली. १९९९ची शेवटची जोंगा त्या वयाला पोहोचेल २०४९मध्ये. डिसेंबर १९८५मध्ये बाजारात आलेल्या जिप्सीला २०३५पर्यंत थांबावे लागेल. तोवर त्या टिकवायच्या तर दर पाच वर्षांनी तपासणीला उभे राहावे लागते, नाहीतर त्यांना भंगाराची वाट धरावी लागते. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे ‘फिव्हा’च्या व्याख्येत ३० वर्षांपुढील, मूळ स्थितीत जपलेल्या आणि रोजच्या वापरात नसलेल्या गाडीला ऐतिहासिक मानले जाते. भारतातील संग्राहकांना बोचते ते हेच २० वर्षांचे अंतर.

लष्कराच्या लिलावातील गाडी घेताना काय पाहावे?

लष्कराच्या गाड्यांची नोंद परिवहन कार्यालयात नसते. कलम ६०नुसार त्यांची नोंदणी संरक्षण खात्याकडे होते. त्यांच्या पाटीवर वर तोंड केलेला बाण असतो आणि त्यापुढचे दोन अंक गाडी लष्करात कधी आली ते वर्ष सांगतात. गाडी लष्करातून बाहेर पडली की ही नोंदणी संपते आणि नव्या मालकाला सर्वसामान्य नियमांनुसार नव्याने नोंदणी करावी लागते. बाणाची पाटी खासगी गाडीवर ठेवता येत नाही.

म्हणून लिलावाची पावती, गाडी सोडल्याचे पत्र, चेसिस आणि इंजिन क्रमांकांची नोंद हे कागद गाडीइतकेच मोलाचे असतात. अनेक गाड्या लिलावातून व्यापाऱ्याकडे, तिथून दुसऱ्याकडे जातात आणि वाटेत कागद हरवतात. काही गाड्या तर चालवण्यासाठी नव्हे, भंगार म्हणूनच विकलेल्या असतात. असा शेरा असलेली गाडी घेऊन लाखो रुपये खर्च केले, तरी ती अंगणाबाहेर काढता येईलच असे नाही. इंजिन नवे मिळू शकते, पत्रा नवा बनवता येतो, कागद मात्र नवा बनवता येत नाही. जो बनवून देतो असे सांगतो, त्याच्यापासून दूर राहिलेलेच बरे.

ऑलिव्ह ग्रीन रंग का देता येत नाही?

पुनर्बांधणीतील सर्वात मोठा विरोधाभास शेवटच्या टप्प्यावर भेटतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२१नुसार संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज कोणत्याही वाहनाला ऑलिव्ह ग्रीन रंग देण्यास मनाई आहे. लष्करी गाडीची तोतयागिरी करून कोणी सुरक्षा ओलांडू नये, हा त्यामागचा उद्देश आहे आणि तो रास्तही आहे.

पण त्यामुळे विचित्र स्थिती होते. व्हिंटेज नोंदणी सांगते, चेसिस, बॉडी आणि इंजिन मूळचेच ठेवा. रंगाचा नियम सांगतो, गाडीचा मूळ रंग देऊ नका. वर्षानुवर्षे खपून एकेक बोल्ट मूळचा जमवलेली जीप शेवटी राखाडी, वाळूच्या किंवा नागरी जीपच्या एखाद्या रंगात रंगवावी लागते. युद्धकालीन अमेरिकी रंग आजच्या भारतीय लष्कराच्या रंगापेक्षा तपकिरीकडे झुकणारा होता, असा युक्तिवाद काही जण करतात. रस्त्यावर थांबवणाऱ्या पोलिसाला तो पटेलच, याची खात्री नाही. रंग बदलला की नोंदणी पुस्तकातही तशी नोंद करून घ्यावी लागते. जाणकार त्यातही एक वाट काढतात. मूळ रंगाचा आणि जुन्या क्रमांकाचा एखादा छोटा तुकडा बोनेटच्या आतल्या बाजूला तसाच ठेवायचा.

मग ‘मूळ’ म्हणजे नेमके काय?

नवी बॉडी, दुसऱ्या गाडीचे इंजिन, नवे पाटे, नव्या वायर आणि जुन्या चेसिसचा एक तुकडा. याला पुनर्बांधणी म्हणायचे की प्रतिकृती? जगभरातील संग्राहकांत यावर वाद आहे. फिव्हाच्या ‘तुरिन सनदे’त जतन, संवर्धन आणि पुनर्बांधणी यांत फरक केला आहे. त्याचा रोख असा की, शक्य तेवढे कमी करा, जे कराल त्याची नोंद ठेवा आणि नवे काय, जुने काय ते लपवू नका.

लष्करी गाडीला हे अधिक लागू पडते, कारण ती कधीच ‘शोरूम’च्या स्थितीत नव्हती. तळावरच्या कारागिरांनी ती हाताशी असेल त्या भागाने दुरुस्त केली. विलीजच्या चेसिसवर फोर्डचे बोनेट ही चूक नसून तिच्या सेवेचा पुरावा असू शकतो. नंतर बसवलेले डिझेल इंजिनही एखाद्या शेतकऱ्याने तिला चाळीस वर्षे कामाला जुंपल्याची नोंद असते. सगळे पुसून तिला कारखान्यातून आताच निघाल्यासारखी चकचकीत करायची, की चालण्याइतकी सुरक्षित करून तिच्या खुणा राहू द्यायच्या, हा निर्णय रंगाचा डबा उघडण्याआधी घ्यावा लागतो.

पुढे काय?

ज्यांनी या जीप चालवल्या आणि दुरुस्त केल्या ती पिढी आता थकली आहे. आवाज ऐकून झडपेची फट सांगणारा, बाजूच्या झडपांचे इंजिन उघड्या डोळ्यांनी जुळवणारा मिस्त्री मिळणे दिवसेंदिवस कठीण होत आहे. भाग आयात करता येतात, ही विद्या आयात करता येत नाही. नियमांच्या बाजूने ५० वर्षांची अट, मधल्या वयाच्या गाड्या आणि रंगाचा नियम यांचा एकत्र विचार झाला, तर अनेक गाड्या वाचू शकतील. उदाहरणार्थ, व्हिंटेज पाटी असलेल्या आणि केवळ रॅलीत उतरणाऱ्या गाडीला मूळ रंगाची मर्यादित मुभा देणे अशक्य नाही.

तोवर घेणाऱ्यासाठी क्रम सोपा आहे. आधी कागद, मग चेसिस, मग इंजिन आणि सर्वात शेवटी रंग. बहुतेक जण याच्या उलट क्रमाने जातात आणि म्हणूनच रंगवलेल्या, तयार झालेल्या, पण फाटकाबाहेर कधीच न गेलेल्या जीप इतक्या ठिकाणी दिसतात.